भूगोल घेऊन काय करणार?

मार्च २०२० मध्ये दहावीच्या परीक्षेचा एकच पेपर उरला होता, तो भूगोलाचा. २३ मार्चला व्हायचा होता. कोरोना आला, पेपर आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच केला. बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून मुलांना भूगोलाचे गुण दिले. त्या दिवसांत दुसरे काही करण्यासारखे नव्हते, त्यामुळे याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. माझ्या ओळखीच्या एकाही पालकाने "भूगोलाचा पेपर झालाच नाही, आता मुलाचे कसे होणार?" असे विचारले नाही. उलट बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला. समजा गणिताचा पेपर राहिला असता तर? किती घरांत झोप उडाली असती!

आज हे आठवण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या भाच्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, यंदा बारावी झाली. सायन्सला होती. 'नीट'मध्ये मेडिकलला पुरतील इतके गुण नाहीत. भाच्याचे म्हणणे, बी.फार्म. कर. तिचे म्हणणे, मला भूगोल घेऊन पदवी करायची आहे आणि पुढे एम.एस्सी. करायची आहे. प्रवेशाचे दिवस जवळ आले तरी घरात एकमत नाही. आणि नातेवाइकांचे फोन मला येतात! कारण मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, तेव्हा हे खूळ तिच्या डोक्यात आत्यानेच घातले असणार, असा सर्वांचा पक्का समज आहे. फोनवर प्रत्येकाला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा लेख. ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींना तो फार घरगुती वाटला तर सांभाळून घ्या. पण माझा अंदाज असा की थोड्याफार फरकाने हा वाद बऱ्याच घरांत होत असेल.

माझे मत आधीच सांगून टाकते. तिने भूगोल घ्यावा. मात्र माझ्या काही अटी आहेत, त्या शेवटी सांगते.

आमच्या शेजारच्या काकूंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, भूगोल शिकून का आता पृथ्वी मोजाची हाय?" आम्ही दोघीही हसलो. पण खरे उत्तर 'होय' असेच आहे. पृथ्वी मोजणारा एक माणूस आपल्या विदर्भातच मातीआड झाला आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र बैलगाड्यांवर, माणसांच्या खांद्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत हे लोक साधारण ७८ अंश पूर्व रेखावृत्त धरून उत्तरेकडे सरकत राहिले. वीस वर्षे हे काम करून लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. पुढचे काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. आपल्या सातबाऱ्याच्या नकाशापासून मोबाईलवरच्या नकाशापर्यंत सगळे त्या मोजणीच्या वंशातले आहे. हिंगणघाटहून कापसाच्या गाड्या भरून नेणाऱ्या आपल्या किती लोकांना ही गोष्ट माहीत आहे?

आणि हिंगणघाटपर्यंत तरी कशाला जा? आपल्या वाशिमचेच बघा. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे आपण इतिहासात शिकतो. पण सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने (हे लीलावतीवाले भास्कराचार्य नव्हेत, त्यांच्या पाचेक शतके आधीचे) आपल्या महाभास्करीय ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे दिली आहेत. त्या यादीत अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, अलीकडे आपले वत्सगुल्म आहे. वाशिमचे मध्यमेश्वराचे देऊळ सर्वांना माहीत आहे. ते नाव या मध्यरेषेवरून पडले असे आपल्याकडे सांगतात.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांच्या छात्या फुगत. मग मी त्यांना ॲटलास उघडायला लावी. उज्जैन कुठल्या रेखावृत्तावर? पाऊण अंश सोडला तर ७५. आणि वाशिम? ७७ च्या थोडे पुढे. म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीतच! जवळजवळ सव्वा अंशाहून जास्त फरक. सूर्य आपल्या माथ्यावर उज्जैनच्या साधारण पाच-साडेपाच मिनिटे आधी येतो. मुले हिरमुसत. पण माझ्या दृष्टीने धडा इथेच सुरू होई. त्या लोकांनी चूक का केली? कारण गाव किती उत्तरेला आहे हे सावलीवरून, ध्रुवाच्या उंचीवरून काढता येते. किती पूर्वेला आहे हे काढायला दोन गावांत एकाच क्षणी किती वाजले हे कळावे लागते, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी ग्रहणाशिवाय दुसरे साधन नव्हते. त्या साधनांनिशी एवढ्या लांबच्या दोन गावांत सव्वा अंशाची चूक म्हणजे त्यांना नमस्कारच करायला हवा. अभिमान बाळगा, पण मोजूनही बघा. भूगोल हे दोन्ही एकाच वेळी शिकवतो, आणि आजच्या काळात मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

आता पाण्याकडे येते, कारण भाच्याचा खरा प्रश्न 'उपयोग काय' हा आहे.

आपला जिल्हा पाणलोटावर बसला आहे. काटेपूर्णा आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावते, उत्तरेला पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. वाटेत महानच्या धरणात अडवलेले तिचे पाणी अकोल्याच्या नळाला येते. आणि अडाण, अरुणावती? त्या पैनगंगेला मिळतात. पैनगंगा वर्धेला, ते पाणी पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. म्हणजे एकाच ढगातून आपल्या पठारावर पडलेल्या पावसाची अर्धी वाट सुरतेकडे आणि अर्धी आंध्राकडे. अशा उंचवट्यावरच्या मुलखात बाहेरून वाहून येणारे पाणी फारसे नसते. पडेल ते धरून ठेवायचे, एवढेच हाती. तेव्हा पाणी कुठे थांबते, कुठे मुरते, कुठे पळून जाते हे ज्याला कळते असा माणूस आपल्या जिल्ह्याला डॉक्टरइतकाच गरजेचा आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. आपल्याकडे विहिरीला पाणी दाखवायला आजही तळहातावर नारळ धरून पाणाड्या शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की बोअर! माझ्या माहेरच्या एका शेतात तीन बोअर कोरडे गेले. शेजाऱ्याला शंभर-दीडशे पावलांवर पाणी लागले. नशीब म्हणून सगळे गप्प बसले.

त्यात नशिबाचा भाग थोडा आहे. आपला काळा बेसॉल्ट खडक म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. अखंड, घट्ट खडकात पाणी राहत नाही. जिथे तो कुजलेला आहे, भेगाळलेला आहे, दोन थरांच्या सांध्यात सच्छिद्र आहे, तिथे राहते. म्हणून एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी. उतार, नाल्याची वळणे, खडकाच्या भेगांची दिशा, उपग्रहाच्या चित्रातली उन्हाळ्यातही हिरवी दिसणारी रेघ, हे सगळे एका नकाशावर मांडले की अंदाज पुष्कळ सुधारतो. शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण नारळापेक्षा बरे. या कामात भूगर्भशास्त्रवाला लागतो, इंजिनिअर लागतो आणि सगळ्यांचे एका नकाशावर आणणारा भूगोलवालाही लागतो.

मग हा विषय इतका उपेक्षित का? याचे उत्तर आम्हा शाळावाल्यांनीही द्यायला हवे. वर्षानुवर्षे 'इति-भू' असे जोडनाव, आणि तास कोणाला? तर ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी आहे त्याला. मीसुद्धा भूगोल कॉलेजात शिकलेली नाही. माझे बी.ए. मराठी माध्यमातून, नागपूर विद्यापीठाचे (अमरावती विद्यापीठ १९८३ साली झाले, त्याच्या बरेच आधीचे). विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. भूगोल मी शिकवता शिकवता शिकले. पण तो शिकवायचा तर पुस्तकाबाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडायला शाळेजवळ वेळ नसतो. परीक्षेत नकाशा भरा, कारणे द्या, थोडक्यात टिपा. मुलगा टुंड्रा प्रदेशातल्या वनस्पती पाठ म्हणतो आणि आपल्या गावचा नाला कुठे जातो ते त्याला सांगता येत नाही.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून आपला वाशिम जिल्हा वेगळा झाला. (तशी इंग्रजांच्या काळात १९०५ पर्यंत 'बासीम' जिल्हा होताच. गेलेला जिल्हा ९३ वर्षांनी परत आला.) पण आमच्या वर्गाच्या भिंतीवर अकोला जिल्ह्याचा नकाशा तसाच. नवा मागवला, लवकर आला नाही. तेव्हा नववीच्या मुलांना सांगितले, आपणच काढू. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके, सहा गट. कोणी एसटीच्या कंडक्टरकडून टप्प्यांचे किलोमीटर आणले, कोणी तलाठ्याकडून गावांची यादी, कोणी आजोबांना विचारून आठवडी बाजारांचे वार. तो नकाशा प्रमाणात मुळीच नव्हता. मानोरा तालुका फारच फुगला होता, कारण त्या गटातली मुले हौशी! पण त्या वर्षी प्रत्येक मुलाला आपल्या जिल्ह्यातून कोणती नदी कुठे जाते ते ठाऊक झाले.

आठवडी बाजारावरून एका मोठ्या भूगोलज्ञाची आठवण होते. प्रा. सी. डी. देशपांडे. (अर्थमंत्री झालेले सी. डी. देशमुख वेगळे, हे नातेवाइकांसाठी!) भूगोलात करिअर कसे घडते हे बघायचे तर यांच्याकडे बघावे. १९४१ साली त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, तो कशावर? तर त्या वेळच्या मुंबई-कर्नाटकातल्या, म्हणजे धारवाड-बेळगाव-विजापूरकडच्या बाजारगावांवर आणि जत्रांवर. बाजार कुठल्या गावी भरतो, कुठल्या वारी भरतो, यावर! आपल्याकडे शेजारच्या दोन गावांचे बाजार सहसा एका वारी नसतात. फिरता व्यापारी सोमवारी इथे, मंगळवारी तिथे. यात कोणी अभ्यास करण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटणार नाही. त्यांना वाटले. १९४८ साली त्यांचे पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचे इंग्रजी पुस्तक धारवाडहून निघाले. पुढे ते मुंबई विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक झाले, आणि १९७१ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे महाराष्ट्राच्या भूगोलावरचे पुस्तक काढले. बाजारापासून निघून जिल्हा, प्रदेश, राज्य असा हा रस्ता आहे. जवळचे नीट बघितले म्हणून त्यांना लांबचे दिसले.

त्याच मुंबई विद्यापीठातले प्रा. बी. अरुणाचलम. त्यांनी समुद्राकडे बघितले. होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून, वाऱ्यावरून, पाण्याच्या रंगावरून गलबते हाकणाऱ्या खलाशांजवळ बसून त्यांचे ज्ञान आणि त्यांच्या जुन्या वह्या त्यांनी अभ्यासल्या. २००२ साली त्यावर त्यांचे पुस्तक आले. ते खलाशी गेल्यावर हे ज्ञान कोणी सांगितले असते? पुणे विद्यापीठातले प्रा. विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापी यांच्या महापुरांचा माग काढला, तोही मोजपट्ट्या लागण्याच्या कितीतरी आधीच्या पुरांचा. मोठा पूर आला की पाणी बाजूच्या नाल्याच्या तोंडात शिरून संथ होते आणि बारीक गाळाचा थर सोडून जाते. ते थर वाचले की शेकडो वर्षांच्या पुरांचा हिशेब लागतो. धरण किती मोठ्या पुराला टिकले पाहिजे हे ठरवताना हा हिशेब कामी येतो. याच पुणे विद्यापीठातले प्रा. के. आर. दीक्षित यांचा महाराष्ट्राच्या नकाशांचा ग्रंथ १९८६ चा. आणि देशपातळीवर बघायचे तर प्रा. एस. पी. चटर्जी. यांच्या पुढाकाराने १९५६ साली कलकत्त्याला राष्ट्रीय ॲटलासची संस्था उभी राहिली. आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे ते पहिले भारतीय अध्यक्ष, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९६८ साली जगभरातले भूगोलज्ञ दिल्लीला जमले.

ही नावे मी भाच्याला सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, ही सगळी मोठी माणसं. जुना काळ. आत्ताचं बोल."

त्याचे बरोबर आहे. आताचे बोलते, आणि लपवून ठेवत नाही.

सरळ दिसणारा रस्ता असा: बी.ए. किंवा बी.एस्सी., मग एम.ए. किंवा एम.एस्सी., मग नेट किंवा सेट, पीएच.डी. आणि कॉलेजात नोकरी. हा रस्ता आज मध्येच अडतो. कॉलेजांत जागा रिकाम्या असतात पण भरल्या जात नाहीत, आणि काम तासिका तत्त्वावर चालते. माझा एक विद्यार्थी, अतिशय हुशार, नेट झाला, पीएच.डी. झाला. नऊ वर्षे एका कॉलेजात तासिकेवर. तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी. लग्न जमेना, कारण मुलीकडचे विचारत, "परमनंट कधी?" शेवटी त्याने मुलाखती देणे सोडले आणि गावी शेती अन् कृषी केंद्राचे दुकान सुरू केले. मला भेटला की तो हसून बोलतो, पण मला वाईट वाटते. दहा वर्षे शिकून तयार झालेला माणूस आपण वाया घालवला. भाच्याच्या मनात हीच भीती आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

पण याच शाळेतली दुसरी एक मुलगी. तिने भूगोलात पदवी घेतली, मग पुण्याला जिओइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. केले. संगणकावर नकाशे, उपग्रहाची चित्रे, त्यातून पिकांचा अंदाज, असे तिचे काम. आज ती हैदराबादला एका कंपनीत आहे. सुरुवातीचा पगार बेताचाच होता, दोन वर्षे चार मुलींत एक खोली घेऊन राहिली. आता बरे चालले आहे. दोघांची हुशारी सारखी, विषय एकच. फरक एवढा की एक जण एकाच दाराशी उभा राहिला, आणि दुसरीच्या हातात दोन-तीन दारांच्या किल्ल्या होत्या.

ही दारे आज आहेत कुठे? डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभाग आणि सुदूर संवेदन शिकवणारी संस्था, हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, आपल्या नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. भूजल सर्वेक्षण, नगररचना, जनगणना, वनखाते, आपत्ती व्यवस्थापन या सगळ्यांना नकाशे लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे करण्यावरची जुनी बंधने पुष्कळ सैल केली आणि २०२२ साली त्याचे राष्ट्रीय धोरण आले. त्यानंतर खाजगी कंपन्यांचे कामही वाढले. स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले, घराघराच्या हद्दी नकाशावर आल्या. ते ड्रोन आपण अंगणात उभे राहून बघितले, पण त्या चित्राचा नकाशा करायला कोणी बसते, हे आपल्या लक्षात येत नाही.

शेतकऱ्याच्या खिशाशी याचा संबंध किती जवळचा आहे ते सांगते. पीक विमा असो की अतिवृष्टीचे अनुदान, हिशेब महसूल मंडळाचा. महावेध प्रकल्पात मंडळागणिक एकेक स्वयंचलित हवामान केंद्र बसवले. चांगलेच झाले. पण केंद्र ज्या गावी, तिथे रिमझिम आणि दहा किलोमीटरवरच्या शिवारात ढगफुटी, असे आपल्याकडे दर पावसाळ्यात होते. मग सोयाबीन सडलेला माणूस कागदावर 'पाऊस सामान्य' वाचतो. केंद्र कुठे बसवावे, दोन केंद्रांमधल्या गावांचा पाऊस कसा काढावा, मंडळाची हद्द डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरली असेल तर काय करावे, हे सगळे शुद्ध भूगोलाचे प्रश्न आहेत. ते बरोबर सुटले तर हजारो घरांत पैसा वेळेवर जाईल. पोकरा प्रकल्पात आपल्या जिल्ह्यातली गावे होती. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईच्या मंडळींनी तयार केली. चांगले काम. पण मुंबईहून येणारा माणूस किती दिवस येणार? आपल्या नाल्यांची नावे माहीत असलेली, आपली बोली बोलणारी मुले-मुली ते करू लागतील तेव्हा ते टिकेल. नीती आयोगाने २०१८ साली देशातल्या मागे राहिलेल्या, 'आकांक्षित' म्हटलेल्या जिल्ह्यांत वाशिमचे नाव घातले. मागासलेपण मोजायला दिल्लीजवळ आकडे आहेत. ते आकडे कुठल्या गावाच्या कुठल्या टोकाला खरे ठरतात, हे इथल्याच कोणाला तरी बघावे लागेल.

यावर घरातला पुढचा आक्षेप. मुलीच्या जातीने रानोमाळ हिंडायचे का? याला माझ्याजवळ अनुभवाचे उत्तर आहे. १९८१, १९९१ आणि २००१, अशा तीन जनगणनांची कामे मी केली. वहीवरचा गावाचा कच्चा नकाशा घेऊन घराघराला क्रमांक देत, कुत्र्यांना हुसकत, वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत पायी गेले. साडी नेसून गेले. कोणी उलट बोलले नाही, उलट प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला, त्याचाच त्रास झाला! २०११ साली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार भरली, ती कोणीतरी अशीच दारोदार जाऊन मोजली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ला धरून करायचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. गावोगावच्या शिक्षिका पुन्हा हिंडणारच आहेत. तेव्हा मुलीने हिंडू नये असे नाही, फक्त 'मास्तरीण' म्हणून हिंडले की चालते आणि 'भूगोलवाली' म्हणून हिंडले की चालत नाही, असे आपले काहीतरी आहे.

आणि बी.फार्म.बद्दल मला आकस नाही. ज्याला औषधांत रस आहे त्याने जरूर करावे. पण मेडिकल हुकले म्हणून त्याच्या जवळचे काहीतरी, या हिशेबाने चार वर्षे आणि वडिलांची जमापुंजी घालणे मला पटत नाही. नोकरीची हमी तिथेही कोणी लिहून देत नाही.

आता माझ्या अटी. या मी नातीला फोनवर सांगितल्या आहेत, सर्वांसमक्ष पुन्हा लिहिते.

एक, भूगोलाबरोबर संख्याशास्त्र आणि संगणकावरचे नकाशाशास्त्र पहिल्या वर्षापासून शिकायचे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळही फुकट आहे, तेव्हा कॉलेजात सोय नाही ही सबब चालणार नाही. दोन, बारावीपर्यंतचे गणित आणि भौतिकशास्त्र माळ्यावर टाकायचे नाही. सायन्सची दोन वर्षे वाया गेली असे सगळे म्हणतात, उलट इथे तीच कामाला येतील. तीन, इंग्रजी वाचायची सवय लावायची. मला ती उशिरा लागली, त्याचा तोटा मला ठाऊक आहे. देशपांडे सरांची पुस्तके इंग्रजीतच आहेत. पण लिहायचे मात्र मराठीतही, कारण ज्यांच्या शेताचा नकाशा आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. चार, दर सुट्टीत एक गाव पायी बघून त्याचा नकाशा काढायचा. पहिले गाव आपले. पाच, एम.एस्सी. झाल्यावर फक्त कॉलेजच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसायचे नाही. दोन वर्षांची मुदत, तोवर मिळेल ते तांत्रिक काम करायचे, आणि तेही नाही जमले तर स्पर्धा परीक्षेला भूगोल आहेच.

या पाचही तिने मान्य केल्या. चौथीवर तर ती खूश झाली. फीचा प्रश्न भाच्याने काढू नये, पहिल्या वर्षाची फी माझ्या पेन्शनीतून जाईल. हे मी त्याला विचारून नाही, सांगून करते आहे. वहिनींनी आणि पुण्याच्या मंडळींनी मला फोन करण्याऐवजी मुलीला फोन करून तिचे एकदा ऐकून घ्यावे. ती बोलते तेव्हा आपल्या गावच्या ओढ्याबद्दल बोलते, आणि त्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी का नाही, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचे आहे. असा प्रश्न मनात घेऊन कॉलेजात जाणारी मुले मी चौतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

ब्लॉगवरच्या मंडळींपैकी कोणी भूगोल घेऊन पुढे गेले असेल, किंवा कोणाची मुले या वाटेला असतील, तर आपले अनुभव जरूर लिहा. बरे असोत वा वाईट, दोन्ही लिहा. नातेवाईक वाचणार आहेत. प्रवेशाचा अर्ज भरायला अजून आठवडा आहे.